अश्वगंधेचा बकरा

अश्वगंधेचा पराक्रम बकऱ्याच्या पोटातून सिद्ध करणारा करवीर संस्थानातला पहिला माणूस मीच ठरणार होतो! महाराज गादीवर येऊन वीसेक वर्षं झाली होती आणि मी कोल्हापुरात एका दवाखान्यात कंपाउंडर होतो.

मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, छातीत दुसरी. जिवाला सतत घोर लागला की टोपी फुगते आणि छातीतली सुकते. पण अश्वगंधा पाजली तर दोन्ही ठणठणीत राहतात, हा माझा दावा! बेळगावचे एक मोठे डॉक्टर तो तपासायला येणार होते.

दारात दोन बकरे बांधले. एकाला अश्वगंधेचा काढा, दुसऱ्याला नुसतं पाणी; डॉक्टर आले की दोघांना कापून ग्रंथी ताडून बघायच्या. दोघांना सारखंच घाबरवायला मी रोज सकाळी त्यांच्या कानाशी हलगी बडवायचो!

"अवं, मयताला वाजवल्यागत काय वाजवताय?" बायको, विमला, कावली.

"गप! शास्त्र हाय हे!"

शास्त्राची बातमी नेसरीला सासरवाडीत पोचली ती अशी: जावयाच्या दारात हलगी वाजतीया! झालं! डॉक्टर यायच्या दिवशीच सासूबाई, तानाबाई, गाडीभर माणसं घेऊन हंबरडा फोडत दारात.

"माझा जावई गेला गं!"

कोण गेलं म्हणून मी हलगीसकट बाहेर आलो.

"भूत!" म्हणून सासूबाई ज्या कोसळल्या, त्या थेट काढ्याच्या बकऱ्यावर! बकरा हलला नाही. अश्वगंधा, दुसरं काय! मी खूश!

शुद्धीवर येताच सासूबाईंनी मला चिमटा काढून पाहिला. "जित्ता हाय की! आता समद्यांची तोंडं तिखट करायची!"

मी हसलो आणि डॉक्टरांना आणायला स्टेशनवर पळालो. हसायला नको होतं.

परतलो तर दारात नुसती दोन दावी! चुलीवर हंडा रटरटत होता. इलाही खाटीक सुरी पुसत होता.

"इलाही! त्या टोप्या? छातीतल्या ग्रंथी?"

"काय बी वाया घालवलं न्हाय, मालक. समदं हंड्यात!"

डॉक्टर गंभीरपणे हंड्यात डोकावले. "यातला अश्वगंधेचा बकरा कोणता?"

"दोन्ही एकातच की, पावणं!" सासूबाई म्हणाल्या. "बसा जेवायला!"

डॉक्टर बसले. दोनदा रस्सा मागून घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. अखेर बोटं चाटून त्यांनी माझ्या संशोधनावर अभिप्राय दिला.

"मीठ जरा कमी आहे."