भाऊंची प्रश्नोत्तरं

"यंदा एकही प्रश्न टाळणार नाही. ज्याला जे विचारायचंय ते त्याने बेधडक विचारावं," असं भाऊंनी वार्षिक अधिवेशनाच्या आधीच गावभर सांगून टाकलं होतं.

भाऊ म्हणजे पक्षाचे प्रांताध्यक्ष. मागच्या अधिवेशनात त्यांचं भाषण इतकं लांबलं, की प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा सभागृहात नुसत्या खुर्च्या उरल्या होत्या, आणि खुर्च्यांना काही विचारायचं नव्हतं. ते भाऊंच्या मनाला लागलं होतं. त्यात दुपारी अध्यक्षपदाची निवडणूक होती. उपाध्यक्ष वयाने त्यांच्या मुलासारखा, कामाला चोख, पण अलीकडे जो भेटेल त्याला सांगत होता, "भाऊंना आता विश्रांती मिळायला हवी." हे तो इतक्या मायेने म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, भाऊंना सलाईन लावलंय.

"म्हातारा झालो म्हणतात मला," भाऊ सरचिटणिसांना म्हणाले. "दाखवतोच."

सरचिटणीस म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांना बेधडक या शब्दाचीच धास्ती. "प्रश्न चिठ्ठीवर मागवू," ते म्हणाले. "म्हणजे मीच लिहून आणतो. आधी उत्तर ठरवायचं आणि मग प्रश्न काढायचा. चुकायला वावच राहत नाही." आणि त्यांनी खरोखरच बसून वेगवेगळ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या. संशय नको म्हणून काही तर डाव्या हाताने लिहिल्या. भाऊंना त्यांनी त्या आधी वाचायला दिल्या होत्या. भाऊ म्हणाले, "तिथे वाचीनच की."

इथपर्यंत सगळं बेतशीर चाललं होतं. घोटाळा झाला तो सकाळी, बेसिनवरच्या फळीपाशी.

भाऊंचा आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, चष्मा एकाच दुकानातला, एकाच काळ्या फ्रेमचा. एकावर दुसरी फ्रेम स्वस्त होती म्हणून घेतलेला. भाऊंना चष्मा लागायचा वाचायला, वहिनींना लांबचं बघायला. भाऊ घाईत निघाले, फळीवरचा एक चष्मा उचलून खिशात टाकला आणि गाडीत बसले. वहिनी तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या.

सभागृह खचाखच भरलं होतं. भाऊ माईकपुढे उभे राहिले, भाषणाचे कागद नीट लावले, रुबाबात चष्मा चढवला आणि खाली पाहिलं. अक्षरं खसखशीएवढी झाली होती. ओळी म्हणजे मुंग्यांच्या रांगा, आणि त्याही चालत्या. भाऊंनी कागद लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. चष्मा काढून पाहिलं तर मुंग्या जरा फुगल्या एवढंच, वाचता येईना ते येईनाच. तेवढ्यात त्यांनी बाजूला नजर टाकली. उपाध्यक्ष त्यांच्याकडेच बघत होता, त्याच त्या मायेने.

बस. जीव गेला तरी "मला दिसत नाही" हे तीन शब्द आज तोंडातून काढायचे नाहीत, असं भाऊंनी ठरवलं.

भाषणाची सुरुवात त्यांना पाठ होती. शेवटही पाठ होता. मधलं काय ते मास्तरांना माहीत. त्यामुळे भाऊंनी सर्वांचं स्वागत केलं, दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली, दमदारपणे पानं उलटली आणि "एकजुटीने पुढे जाऊ" म्हणून थांबले. चहावाल्याने अजून अर्धे कपही गोळा केले नव्हते. लोकांना क्षणभर कळेना. मग एकाने टाळी वाजवली, आणि असा कडकडाट झाला की सभागृहाचे पडदे हलले. इतकी मनापासूनची दाद भाऊंच्या भाषणाला आजवर मिळाली नव्हती.

मास्तरांचा चेहरा मात्र खडूसारखा झाला. ते कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, मधली पानं?"

"वाचली ना."

"कधी?"

"मनात."

तेवढ्यात स्वयंपाक्याकडून निरोप आला की गॅस उशिरा आल्यामुळे जेवणाला बराच अवकाश आहे, तोवर लोकांना धरून ठेवा. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा भाऊंच्या हातात दिला. "निदान हे तरी सावकाश घ्या," ते पुटपुटले.

भाऊंनी पहिली चिठ्ठी उघडली. मुंग्या. मास्तरांनी काय लिहिलं असेल याचा अंदाज घेत त्यांनी घसा खाकरला. "प्रश्न असा आहे, की पक्ष कार्यालयाचा मोडका जिना कधी दुरुस्त होणार? चांगला प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात होईल."

मास्तर चपापले. त्यांच्या चिठ्ठ्यांत जिना नव्हता. कुणीतरी आत सरकवली असेल, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

भाऊंनी दुसरी चिठ्ठी घेतली. आता काय बोलावं? डोक्यात काही येईना. सगळे वाट बघत होते. गाढ झोपेतून हलवून उठवलेला माणूस जसं मनातलंच बोलून जातो, तसं भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "प्रश्न आहे, आपण गेली निवडणूक का हरलो?"

सभागृह चिडीचूप झालं. पक्षात या विषयावर कुणी बोलत नसे. घरात एखाद्या पळून गेलेल्या काकाचं नाव काढत नाहीत, तसं होतं ते.

भाऊ चिठ्ठीकडे बघत राहिले. आपणच विचारलंय म्हटल्यावर उत्तर देणं भाग होतं. "हरलो, कारण आपण लोकांच्या दारात गेलोच नाही," ते हळूहळू म्हणाले. "आपण एकमेकांच्याच दारात जात होतो. कोण कुणावर रुसलाय, कुणाला कुणी चहाला बोलावलं नाही, ते मिटवण्यात प्रचार संपला. मीही त्यातच होतो. मतदानाच्या आदल्या आठवड्यात केस कापताना माझा न्हावी मला म्हणाला, भाऊ, यंदा निवडणूक आहे म्हणतात, खरं का?"

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या.

"कुणी विचारला हा प्रश्न? नाव सांगा त्याचं," कुणीतरी ओरडलं.

"नाव लिहिलेलं नाही," भाऊ म्हणाले. ते मात्र खरं होतं.

यावर एक जाडजूड कार्यकर्ता उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, "तो माझा प्रश्न."

"तुझा?" त्याच्या मागचा उठला. "निवडणूक या शब्दात ऊकार कुठे येतो ते सांग आधी. प्रश्न माझा आहे." तिसऱ्या बाजूने आणखी एक उभा राहिला. त्याचं म्हणणं, प्रश्न त्याचा होता आणि या दोघांनी तो चहाच्या वेळी चोरून वाचला. मास्तर या तिघांकडे आळीपाळीने बघत होते आणि आपल्या डाव्या हाताकडेही.

पण याचा परिणाम वेगळाच झाला. इथे खरे प्रश्न घेतात असं दिसल्यावर लोकांनी पेनं काढली. बसच्या तिकिटांवर, निमंत्रणपत्रिकांच्या पाठीवर, हात पुसायच्या कागदांवर चिठ्ठ्या लिहून येऊ लागल्या. बघता बघता भाऊंपुढे ढीग साचला. त्यातलं एक अक्षर त्यांना दिसत होतं तर शपथ.

इकडे वहिनी सभागृहाच्या दारात येऊन पोचल्या होत्या. त्या शिवणवर्ग चालवायच्या. सकाळी चष्मा लावून वर्गात शिरल्या तर समोरच्या बायकांना तोंडंच नव्हती. चष्म्यांची अदलाबदल त्यांच्या लगेच लक्षात आली. भाऊ कागदाशिवाय बोलायला लागले की काय होतं हे त्या लग्नापासून ओळखून होत्या. वर्ग तसाच सोडून त्या रिक्षात बसल्या. दारावरच्या स्वयंसेवकाने बिल्ला विचारला. बिल्ला कुठला असणार? भाऊंचं भाषण ऐकायला त्या कित्येक वर्षांत आल्याच नव्हत्या. त्यांनी पिशवीतून कापडाचं माप काढायचा खाकी कागद घेतला, एक तुकडा फाडून त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं स्टेजवर पोचवा."

तो खाकी तुकडा हातोहात पुढे गेला आणि ढिगाच्या अगदी वर पडला. भाऊंनी तोच उचलला.

वहिनींना दारातून नीट काही दिसत नव्हतं. लांबवर एक पांढरा ठिपका होता, तो नवरा, आणि त्याच्या हातात एक खाकी ठिपका. आता हे खिसे चाचपतील, असं त्या मनात म्हणाल्या. पण माईकमधून आवाज आला:

"प्रश्न आहे, अध्यक्षांचं आता वय झालं. ते खुर्ची कधी सोडणार?"

सगळ्या माना एकदम उपाध्यक्षाकडे वळल्या. तो ताडकन उभा राहिला. "मी नाही लिहिलं हे. भाऊ, मी असं लिहीन तरी का? मी फक्त बोललो होतो, तेही दोघातिघांशीच."

"अरे, बस तू," भाऊ म्हणाले. "तुला कोण काय म्हणतंय? प्रश्न बरोबरच आहे."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. माणसं आता स्वच्छ दिसत होती.

"वय झालंय," ते म्हणाले. "जिना चढताना मी मधल्या पायरीवर फोन आल्याचं नाटक करतो. फोन नसतो, दम लागलेला असतो. तुमच्यातल्या निम्म्यांना मी 'काय राजे' म्हणतो, कारण नावं आठवत नाहीत. मग सोडत का नाही? खरं सांगू का, घरी जायची भीती वाटते. इतकी वर्षं मी घरात पाहुण्यासारखा येऊन गेलो. आमच्याकडे सगळे स्वयंपाकघरात बसून चहा पितात, आणि मला बाहेरच्या खोलीत ट्रेमधून आणून देतात. बशीत दोन बिस्किटं ठेवून. त्यात कुणाचा दोष नाही. मीच तशी सवय लावली. आता उद्यापासून स्वयंपाकघरात जाऊन बसलो, तर आपल्या बायकोशी काय बोलायचं, हे मला ठाऊक नाही. तुमच्याशी दोन तास बोलता येतं."

मघाचे तिघे प्रश्नकर्ते अजून उभेच होते. त्यांनी माना खाली घातल्या.

मग मधल्या वाटेने कुणीतरी बाई येताना दिसल्या, खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत, अंदाजाने पावलं टाकत. भाऊंनी ओळखलं. स्वयंसेवक मागे धावला होता, पण मास्तर त्याला म्हणाले, "अहो, वहिनी आहेत त्या."

वहिनी स्टेजवर चढल्या. लोकांना वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी भाऊंच्या हातातला चष्मा काढून घेतला, आपल्याकडचा दिला, आणि हळूच, पण माईकला ऐकू जाईल इतपत म्हणाल्या, "अहो, काय लिहिलंय ते आता वाचा तरी."

भाऊंनी चष्मा लावला. मुंग्या जागच्या जागी थांबल्या. खाकी कागदावर लिहिलं होतं, 'चष्मा माझा नेलाय. तुमचा घेऊन दारात उभी आहे.'

त्यांनी ढिगातली दुसरी चिठ्ठी काढली. तिसरी काढली. चार-पाच आणखी पाहिल्या. मग माईकजवळ आले.

"मंडळी, आज सकाळपासून मी एकही चिठ्ठी वाचलेली नाही. चष्मा बायकोचा होता. प्रश्न सगळे माझेच होते."

तिघे प्रश्नकर्ते आवाज न करता खाली बसले.

"आणि तुमचे खरे प्रश्न आता वाचून दाखवतो." भाऊंनी चिठ्ठ्या एकेक करून वर धरल्या. "जेवण कधी? जेवणाला किती वेळ? अध्यक्षमहोदय, जेवणाचं काय झालं? यात एकाने पक्षाच्या धोरणाबद्दल विचारलंय." त्यांनी चिठ्ठी नीट पाहिली. "जेवणाच्या बाबतीत पक्षाचं धोरण काय, असं आहे."

हशा ओसरला तसे ते म्हणाले, "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंय. दुपारी मी उभा नाही. उमेदवारी मागे घेतो."

असं काही बोलल्यावर काय होतं, हे भाऊंना अनुभवाने माहीत होतं. सगळे उठतात, नाही नाही म्हणतात, एखादा रडतो. त्यासाठी त्यांनी थोडी जागा सोडली, आणि हात वर करून लोकांना शांत करायचीही तयारी ठेवली. मागून दोनच आवाज आले. एक म्हणाला, "असं करू नका, भाऊ." दुसरा स्वयंपाक्याचा होता. तो म्हणाला, "जेवण तयार आहे."

सभागृह एका मनाने उठलं. एवढी एकजूट भाऊंनी पक्षात प्रथमच पाहिली.

उपाध्यक्ष तेवढा मागे राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. "भाऊ, मी बोललो होतो, पण वाईट नव्हतो बोललो. तुम्ही परवा बैठकीत बसल्या बसल्या झोपलात, तेव्हा मीच मास्तरांना म्हटलं, ठराव हळू आवाजात वाचा."

"म्हणून कळला नाही होय तो ठराव," भाऊ म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा, जेवून घे. दुपारी भाषण करायचंय तुला. मधली पानं कोरी करकरीत आहेत, हवी तर ने."

पुढाऱ्यांचं टेबल आत वेगळं मांडलं होतं, पण भाऊ तिकडे गेले नाहीत. वहिनींबरोबर बाहेरच्या रांगेत उभे राहिले. रांग हळूहळू सरकत होती. काय बोलावं ते भाऊंना खरोखरच सुचेना.

"तुझा वर्ग?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बायका बसल्यात. बाह्या उलट्या जोडून ठेवल्या असतील."

"मग उसवायच्या का?"

"उसवायला दोन माणसं लागतात," वहिनी म्हणाल्या. "एकाने कापड ताणून धरायचं."

"मला जमेल ते?"

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आता त्यांना स्पष्ट दिसत होतं. "शिकवीन," त्या म्हणाल्या.

तोवर त्यांचा नंबर आला. वाढणारा स्वयंपाक्याचा माणूस. तो सकाळपासून चुलीपाशीच होता. त्याने भाषण ऐकलं नव्हतं आणि भाऊंना तो ओळखतही नव्हता.

"कूपन?" त्याने विचारलं.

भाऊंनी खिसे चाचपले. अध्यक्षाला कूपन कोण मागतं? "कूपन नाही बाबा. मी यांच्याबरोबर आहे."

"आणि या?"

"या माझ्याबरोबर आहेत," वहिनींकडे बोट दाखवत भाऊ म्हणाले.

त्या माणसाने दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मागची लांबलचक रांग पाहिली, थोडा विचार केला, आणि दोघांत मिळून एक ताट दिलं.