सर्जेरावांचं रिकामं एंटर

आमचे सर्जेराव संगणकाला काहीही काम न सांगता एंटर दाबतात. सकाळी आले, डबा टेबलावर ठेवला, की एक रिकामं एंटर. जेवून आले की एक. माझ्याशी बोलता बोलतासुद्धा एक. एकदा विचारलं, तर म्हणाले, "दारावरनं जाताना माणूस हाक मारतो का न्हाई? तसंच."

इस्लामपूर रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत आम्ही दोघं संगणक विभाग सांभाळतो. ते फौजेतल्या सिग्नलमधनं आलेले, मी पदवी घेऊन. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच, आणि हे मी कुणी न विचारता सांगते.

हुकूम टाइप करण्याआधी काळ्या स्क्रीनवर संगणक एक छोटी ओळ दाखवतो, तो प्रॉम्प्ट. बाकीच्यांचं तिथं नुसतं डॉलरचं चिन्ह असतं. "लय उघडंबोडकं दिसतंय," म्हणून सर्जेरावांनी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून तिथं वेळ, यूपीएसची बॅटरी आणि शेवटी एक रंगीत ठिपका बसवलाय. एंटर दाबलं की ही ओळ नव्यानं उमटते. हुकूम चुकला की ओळ म्हणते, "डोळं उघडून बघ, गड्या." एकदा साहेबांनी त्यांच्या मशीनला हात लावला, तर त्यांनाही तेच म्हणाली. तेव्हापासून साहेब आमच्या खोलीत फोन करूनच येतात.

मीही हौसेनं इंटरनेटवरनं तयार प्रॉम्प्ट उतरवला. बाण, चिन्हं, रंगांचे पट्टे. फक्त उमटायला वेळ लावायचा. सर्जेराव बघून म्हणाले, "बारशाला डॉल्बी कशाला, मॅडम? हलकं पायजे. हाक मारली की ओ आली पायजे." राग आला, पण तो प्रॉम्प्ट काढून टाकला.

ठिपका कसला, ते मात्र सांगत नसत. "लाइटीचं हाय," एवढंच.

परवा सकाळी तो लाल होता. सर्जेराव एंटरवर एंटर दाबत होते. चहा गार झाला.

"काय झालं?"

"आबा उठलं न्हाईत."

मग मी त्यांच्याकडनं सगळं ओढून काढलं. आबा म्हणजे वडील, पलूसकडच्या गावात एकटे. झोपताना 'मीटर पळतंय' म्हणून वायफायचं डबडं बंद करतात, उठले की लावतात. सर्जेरावांची स्क्रिप्ट अधूनमधून त्या डबड्याला हाक मारते. ओ आली की ठिपका हिरवा.

"मग फोन करा की!"

"बोलत न्हाईत. त्यांचं गुडघं गेल्यात म्हून द्राक्षबाग मी त्यास्नी न विचारता दुसऱ्याला खंडानं कसायला दिली. तवापास्नं."

"नंबर द्या," मी म्हणाले. असलं मुकं भांडण मला बघवत नाही. फोन लावला तो स्पीकरवरच.

"कोण?"

"सर्जेरावांच्या ऑफिसातनं बोलतेय, आबा. तुमचं वायफाय बंद दिसतंय."

"गावातला डीपी जळालाय, ताई. रातीपास्नं लाईट न्हाई. मला कुटं काय झालंय?"

"तुम्ही मोबाईलवर बघता व्हय काही?"

"माजा बटनाचा फोन. घरात बघणारं कोण न्हाई, तरी लेकानं डबडं बसवलं. कशापायी, एवढं कळतंय मला. उठलो की आदी त्येच लावतो, मग तोंड धुतो."

सर्जेराव स्क्रीनकडं बघत राहिले. एंटर. लाल. एंटर. लाल.

"खटखट कसली येतीय गं?"

"ते एंटर दाबतायत, आबा."



"किती दाबंल? त्याला म्हणावं, लाईट आली की लावतो."