चादर लागली काय?

उन्हाळ्यात भल्या सकाळी आमच्या गल्लीतून जो कोणी जाईल त्याला ठवकरकाका फाटकाशी अडवून एकच प्रश्न विचारतात, "काहून गा, चादर लागली काय?" मग तो दूधवाला असो, पेपरवाला असो की कानाला फोन लावून फिरायला निघालेले डॉक्टर असोत. तब्येत कशी आहे, पोरगी पास झाली का, हे सगळं नंतर. आधी चादर. नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी गांगरतात. एका बाईंना वाटलं, म्हातारा चादरी विकतो आहे. "आम्हाला नकोत," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

काकांनी आयुष्यभर चादरी विकल्या हे खरंच आहे. गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात त्यांची सगळी नोकरी झाली. पण या प्रश्नाचा धंद्याशी काही संबंध नाही. काकांच्या हिशेबी हा हवामानाचा प्रश्न आहे, आणि त्यांच्या लेखी याच्याइतका गंभीर प्रश्न दुसरा नाही.

ज्यांनी नागपूरचा उन्हाळा नुसता बातम्यांत पाहिला आहे, त्यांना हे उलगडून सांगायला हवं. माझ्या लहानपणी मे महिन्यात आमची अख्खी गल्ली गच्चीवर झोपायची. घरांना घरं लागलेली आणि मधले कठडे गुडघ्याएवढे, त्यामुळे गच्ची म्हणजे सगळ्यांची मिळून एकच. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारलं की स्लॅब चर्र वाजायचा आणि गरम सिमेंटचा वास सुटायचा. मग गाद्या पडायच्या आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी एक घडी घातलेली चादर. झोपताना तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. पण उजाडायच्या आधी कधीतरी ते रागावलेलं आभाळ निवायचं. कुठून तरी बारीक वारा यायचा, अंगावर काटा उभा राहायचा आणि झोपेतच माणूस पायाशी चादर चाचपायचा. दिवसा ज्या गावात चप्पल डांबरात रुतायची, त्याच गावात पहाटे पांघरूण लागायचं. मला अजूनही हा चमत्कारच वाटतो.

या चमत्काराला काका 'चादर लागणं' म्हणतात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत: पायापर्यंत, कमरेपर्यंत आणि गळ्यापर्यंत. नियम मात्र कडक. चादर सुती आणि एकेरी हवी, सोलापुरी चालत नाही. ताप असलेल्या माणसाची चादर बाद. डासांसाठी घेतलेली बाद. नव्यानं लग्न झालेल्यांना ते विचारतच नाहीत. "त्याहिच्या चादरीचा हवामानाशी काही संबंध नसते," असं त्यांचं मत आहे.

एकदा माझा पुण्याचा मेहुणा मे महिन्यात आला. सकाळी काकांनी त्याला गाठलं. तो बिचारा कौतुकानं म्हणाला, "दोन लागल्या हो! तुमच्याकडे एसी फारच जोरात चालतो."

काका माझ्याकडे वळले. "पाव्हण्याले सांग, एसीची चादर बाद हाय."

"पण थंडी वाजली ना मला," मेहुणा म्हणाला.

"तुमाले वाजली. बाहेर जो डब्बा गरम हवा फेकून राहिला, त्याच्यासमोर गल्ली झोपली व्हती. तिले कोण विचारते?"

मेहुणा उरलेले दिवस मागच्या दारानं ये-जा करत होता.

आमच्या गावाला उन्हाचा अभिमान फार. चंद्रपूरचा पारा दशांशानं पुढे गेला तर चहाच्या टपरीवर सुतक पडतं. काका त्यात कधी पडत नाहीत. पेपरात कमाल तापमानाचा आकडा ठळक असतो आणि किमान त्याच्या खाली बारीक. काका चष्मा पुसून तो बारीक आकडा आधी वाचतात. "मोठा आकडा सूर्याचा," ते म्हणतात, "लहान आकडा आपला." पण त्यांचा त्याच्यावरही पूर्ण विश्वास नाही. तो आकडा मोकळ्या मैदानात गवतावर मोजतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलंय. "थो आकडा खोटा नाही गा. पण थ्या गवतावर आपल्या गल्लीतलं कोणी झोपते काय?"

गेल्या काही वर्षांत मात्र काकांच्या प्रश्नाला एकच उत्तर यायला लागलं. नाही लागली. रस्ते सिमेंटचे झाले, कोपऱ्यावरची विहीर बुजली, चिंचेच्या जागी सहा मजले उभे राहिले. प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा घुमायला लागला. कोणी मुद्दाम काही केलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घराचं भलं केलं आणि सगळ्यांचं मिळून हे झालं. गच्चीवर झोपणारे एकेक करून खाली उतरले आणि दारं लावून घेऊ लागले. शेवटी वर एकटे काका राहिले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरली काकांची गादी, सुरई आणि पायथ्याशी ती घडी घातलेली चादर.

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, दिवसाचा पारा तर पूर्वीइतकाच असतो. मग हे असं का?"

ते कठड्यावर तळहात टेकवून उभे होते. सूर्य केव्हाच मावळला होता. त्यांनी माझा हात धरून त्या कठड्यावर ठेवला. मी झटकन मागे घेतला.

"सूर्य बुडते," काका हळू आवाजात म्हणाले, "पण ऊन घरी नाही जात गा. भिंतीत बसून राह्यते." मग सगळ्या शहराच्या दिव्यांकडे पाहत म्हणाले, "केवढं मोठं झालं आपलं गाव! रात्र अडवून धरून राहिलं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्या अवाढव्य गोष्टीपुढे माणूस हात जोडतो, तसा तो आवाज होता.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला काकांच्या घरी बिनसलं. त्यांचा मुलगा प्रशांत बँकेत आहे, स्वभावानं गरीब. त्यानं गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरची खोली प्रशांत, स्वाती आणि त्यांचा लहानगा आरव यांची. स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर खोलीवर ती आग उतरायची. पोराचं अंग घामोळ्यांनी भरलं होतं. स्लॅबवर ऊनच पडू द्यायचं नाही, हा उपाय बरोबर होता. पण शेड आली की आभाळ गेलं, आणि आभाळ गेलं की काकांची गच्ची गेली.

काकांनी मला पंच म्हणून बोलावलं. स्वाती रडवेली झाली होती. "बाबा, भिंतीले हात लावता येत नाही जी. लेकरू रात्रभर किरकिरते."

काकांनी आरवची पाठ पाहिली. मग म्हणाले, "प्रशांत, नवतपा लागेपर्यंत थांब. तवापर्यंत एक दिवस, फक्त एक दिवस मले चादर लागली, तर शेड नाही. दुसरं काही तरी पाहू. नाही लागली तर टाक टिना."

नवतपा म्हणजे मे अखेरचे आगीचे नऊ दिवस. प्रशांत लगेच हो म्हणाला. इतका लगेच म्हणाला की त्याला हरायचंच आहे हे मला कळलं. चादर लागली की नाही हे सांगणारे काकाच, साक्षीदार कोणी नाही. म्हातारा एखाद्या सकाळी 'लागली' म्हणेल, बापाची गच्ची वाचेल आणि आरवसाठी कूलर घेऊ, असा त्याचा सरळ हिशेब होता.

पुढचे दिवस गल्लीत उलटंच झालं. सकाळी काका फाटकाशी आले की लोकच त्यांना विचारायचे, "काका, चादर लागली काय?" दूधवाला सायकल थांबवून उभा राहायचा. डॉक्टर फोन बंद करायचे. आणि काका रोज मान हलवायचे, "नाही लागली." पेपरवाला एकदा न राहवून म्हणाला, "अवो काका, म्हणून टाका ना लागली! कोण पाहून राहिलं?" काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पेपर न देताच पुढे गेला.

मग एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, मागोमाग गाराही पडल्या. हवा एकदम फिरली. सकाळी प्रशांत माझ्या आधीच फाटकाशी उभा होता. काका खाली आले. चादर खांद्यावर होती.

"लागली ना बाबा?" प्रशांतचा चेहरा फुलला होता.

"लागली," काका म्हणाले. "गळ्यापर्यंत."

सगळी गल्ली हसायला लागली. स्वातीसुद्धा हसली. काकांनी हात वर केला.

"वादळाची चादर हाय. बाद."

"बाबा!"

"गारपीट माह्या गच्चीची नाही. रात्र आपल्या पायानं आली पाह्यजे." एवढं बोलून ते आत गेले. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्यापुढे वाकावंसंही वाटलं. ज्या एका गोष्टीवर त्यांचं सारं अडलं होतं, ती त्यांनी आपल्या हातानं खोडली होती.

नवतपा लागायच्या आदल्या सकाळी काकांनी प्रशांतला हाक मारली. "नाही लागली. बोलाव शेडवाल्याले." आणि आरवच्या पाठीवर पावडर लावत बसले.

मला ते पाहवेना. त्याच दिवशी मी काकांना गाडीत घातलं आणि काटोलला निघालो. तिथे माझ्या बायकोच्या दुसऱ्या भावाची, सुधाकरची, संत्र्याची वाडी आहे. बायको आणि पोरं सुट्टीसाठी आधीच गेली होती. काकांनी वाटभर खिडकीबाहेर हात ठेवला होता. शहराची शेवटची वस्ती मागे पडली तसे म्हणाले, "आता उतरून राहिलं." कळमेश्वरला कारखान्यांजवळ "पुन्हा चढलं" म्हणाले. आणि पुढे मोकळं रान लागल्यावर नुसती हाताची बोटं फाकवली.

सुधाकरच्या घरी सगळेच गच्चीवर झोपले. त्याची माणसं, माझी माणसं, पोरांची एक लांब रांग, आणि टोकाला काका. आभाळ इतकं खाली आलं होतं की पोरं बोलायचीच थांबली.

पहाटे मला जाग आली ती गारव्यानं. वाडीला दिलेल्या पाण्याचा ओला वास येत होता आणि दंडावर काटा आला होता. किती वर्षांनी आला म्हणून मी तसाच पडून राहिलो. चादर घ्यायला पायाशी हात नेणार, तेवढ्यात कोणीतरी चालताना दिसलं.

काका होते. वाकून वाकून एकेका पोराच्या अंगावर चादर ओढत होते. आधी गळ्यापर्यंत, मग दोन्ही बाजू दाबून, आणि शेवटी पायाच्या अंगठ्याखाली टोक खोचून. एक पोरगं झालं की दुसरं. मग सुधाकर. मग माझ्याजवळ आले. मी डोळे मिटून घेतले. चादर गळ्यापर्यंत आली, बाजू दाबल्या गेल्या, आणि अंगठ्याखाली ते टोक खोचलं गेलं.

आणि माझ्या पायानं तो हात ओळखला.

लहानपणीच्या प्रत्येक उन्हाळ्यात मी जागा व्हायचो तेव्हा पायाखाली असंच टोक खोचलेलं असायचं. गल्लीतल्या सगळ्याच पोरांच्या असायचं. मला वाटायचं, आईनं पांघरूण घातलं असेल. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी तर उठलेच नाही. पण मी कधी विचारलं नाही. सकाळी काका विचारायचे, "चादर लागली काय?" आणि आम्ही ओरडून सांगायचो, "लागली, गळ्यापर्यंत!"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. एसीची, तापाची, वादळाची चादर बाद करणारा हा कडक माणूस सगळ्या गल्लीची चादर स्वतःच्या हातानं लावत होता आणि सकाळी त्याचीच चौकशी करत होता! त्यांना हवामान विचारायचंच नव्हतं. आपण घातलेलं पांघरूण पोहोचलं का, एवढंच विचारायचं होतं. आता गल्लीत जो तो दार लावून झोपतो, पांघरूण घालायला कोणी उरलेलं नाही, म्हणून नुसता प्रश्नच उरला आहे.

सकाळी अंगणात चहा झाला. काका खाटेवर बसून बशीत फुंकर घालत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काहून गा अनिल, चादर लागली काय?"

खरं सांगायचं तर कमरेपर्यंतच पुरली असती.

"लागली काका," मी म्हणालो. "गळ्यापर्यंत."

"हं," काका म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.