जुने धागे वर काढणारे लिंबाजीकाका

नऊ वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एका माणसानं इंटरनेटवर विचारलं होतं, "म्हैस तीन दिवसांपासून उठत नाही, काय करावं?" त्या प्रश्नाखाली यंदाच्या फेब्रुवारीत एक मजकूर येऊन पडला. "रामराम. म्हैस उठली का? कळवावे. लिंबाजी, जवळा बाजार."

हे आमचे लिंबाजीकाका. माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, त्याच्या मागंच त्यांचं घर. ढोरांच्या सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते, म्हणजे मलमपट्टी करणारे. पण डॉक्टर तालुक्याला आणि काका गावात, त्यामुळं तीस वर्षं गावानं त्यांनाच डॉक्टर म्हटलं. दवाखान्यात एक रजिस्टर असायचं. जनावर आलं की नोंद, आणि शेवटच्या रकान्यात ते बरं झालं, मेलं की विकलं, ते लिहायचं. तो रकाना रिकामा राहिला की काकांना घास गोड लागायचा नाही. मग सायकल काढून पार शिरड शहापूरपर्यंत जायचे, गोठ्यात डोकवायचे आणि रकाना भरून परत यायचे.

रिटायर झाले, रजिस्टर दवाखान्यातच राहिलं, पण खोड काही गेली नाही. परवा आठवडी बाजारात कांदे निवडत बसलेल्या एका माणसाचं त्यांनी कोपर धरलं. "तुमची ती बांडी गाय. पोट फुगलं होतं. पुढं काय झालं?"

तो बिचारा बावचळला. "काका, ती माझ्या आजोबाच्या टायमाची!"

"ते म्हाईत आहे मला. पर जगली का?"

अशा माणसाला इंटरनेट दाखवायचं नसतं. मी दाखवलं. अकरा वर्षांपूर्वी मीच माझ्या कॉम्प्युटरवर त्यांना जनावरं पाळणाऱ्यांच्या एका मराठी साइटचं सभासद केलं. साइटचं नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. तिथं कुणीही प्रश्न विचारावा, त्याखाली बाकीच्यांनी उत्तरं द्यावीत, या सगळ्या माळेला तिथले लोक धागा म्हणतात. काका एका बोटानं टाईप करायचे, पण सल्ला बराबर द्यायचे. लोक मानायला लागले. "लिंबाजीकाका काय म्हणतात ते बघा," असं लोक एकमेकांना सांगायचे. पुढं त्यांनी स्वतःचा मोबाईल घेतला आणि माझी सुटका झाली.

पण एक गोष्ट काकांना छळायला लागली. लोक प्रश्न विचारायचे, सल्ला घ्यायचे आणि गायब व्हायचे. जनावराचं पुढं काय झालं, ते कुणी म्हणून कळवत नव्हतं. शेकडो रकाने रिकामे! काका एकेक जुना धागा उकरून काढायचे आणि विचारायचे. वासरू पितंय का? शेळी व्याली का? बैलाचा खूर भरला का?

काकू वैतागून गेल्या होत्या. "माझे गुडघे दुखून राहिले दोन साल झाले. ते न्हाई विचारायचे. पर सांगलीच्या शेळीची चौकशी पायजे!"

"तू समोर दिसतीस की चालताना," काका म्हणायचे. "शेळी कुठं दिसती?"

मग मार्चमध्ये एका दुपारी काका मोबाईल घेऊन दुकानात आले. "गजू, बिघडला वाटतं रे हा. आत जाऊ देऊन न्हाई राहिला."

मी बघितलं. मोबाईल ठणठणीत होता. त्यावर लिहिलं होतं, 'आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. कारण: जुने धागे वारंवार वर काढणे.'

काकांना ते दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जुनं काढलं म्हणून? जुनं तर मी सवताच आहे की."

माझा स्वभाव चौकस. अकरा वर्षांच्या माणसाला कुणी असं का हाकलतं, हे मला कळेना. मी नवा सभासद होऊन आत शिरलो आणि काढून टाकलेल्यांची यादीच शोधून वाचली. नवे लोक जायचे ते जाहिरातीपायी, शिवीगाळीपायी. ते सरळ होतं. मजा जुन्यांची. एक बाई फक्त एवढंच लिहायच्या की हे मी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. एक गृहस्थ दर सोमवारी 'मी ही साइट सोडून चाललो' असा निरोप द्यायचे. शेवटी ॲडमिननंच त्यांना सोडवलं. एकजण नियम कसे चुकलेत यावर रोज पानभर लिहायचा. मला एवढं कळलं, की नवा माणूस नियम वाचून दारात येतो आणि जुना माणूस नियम व्हायच्या आधीच घरात बसलेला असतो. त्याला वाटतं, आपल्याला कोण विचारणार?

मी ॲडमिनला फोन लावला. पोरगा सभ्य होता. म्हणाला, "दादा, काकांबद्दल आदर आहे. तीनदा समज दिली, त्यांनी वाचलीच नाही. कुणी काही लिहिलं की तो धागा सगळ्यात वर येतो. काकांनी एका सकाळी चाळीस धागे वर आणले. त्याच सकाळी एकाची गाय अडली होती. वासरू आडवं, माणूस रडकुंडीला. त्याचा प्रश्न पार तळाला गेला. दोन तास कुणाला दिसलाच नाही."

दुकान बंद करून काकांकडं गेलो आणि होतं तसं सांगितलं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या गायीचं पुढं काय झालं?"

"विचारलं नाही मी."

"काहून न्हाई विचारलं?" काका एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "दोन तास अडलेली गाय, अन् तू फोन ठेवून दिला?"

खरं सांगतो, लाज वाटली. तिथंच उभा राहून परत फोन लावला. गाय वाचली होती, कालवड झाली होती, दोघी बऱ्या होत्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

"मग त्यानं केलं ते बराबर केलं," ते म्हणाले. "माझ्यापायी मुक्या जनावराला तकलीफ झाली. आता मला आत घ्या म्हणून सांगू नको त्याला."

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता काका दुकानात हजर. "तू हायेस ना आत? बघ बरं, कुणी विचारलं का माझं."

"काय विचारायचं?"

"अकरा वर्सं रोज लिहून राहिलो मी. एकदम बंद झालो. लोकं काय समजतील? मेला समजतील. कुणीतरी विचारीलच ना, लिंबाजी कुठं हाये म्हणून."

मी बघितलं. कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हतं. गोचिडाच्या औषधावर भांडणं चालू होती, दुधाच्या फॅटवर चर्चा चालू होती, काकांचं नाव कुठंच नव्हतं. काका रोज चारला यायचे, मी मान हलवायचो, ते "बरं" म्हणून जायचे. असं पंधरा दिवस चाललं. मला त्या साइटवरच्या हजारो लोकांचा राग यायला लागला. अरे, एकानं तरी विचारा की!

मग एकदा काकूच दुकानात आल्या. फॉर्म भरायला आलेल्या बाया जाईपर्यंत थांबल्या. "गजू, अर्धी भाकर ठेवून उठून राहिले रे. बोलत बी न्हाईत. काहीतरी सांग बाबा त्यांना."

त्या दिवशी चारला मी सांगून टाकलं, "काका, विचारलं! तिघांनी विचारलं!"

काकांचा चेहरा असा खुलला, की खोटं बोलल्याचं मला काही वाटेना. त्यांनी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या आतल्या बाजूला, माझ्या शेजारी येऊन बसले. "मग लिही उत्तर. मी सांगतो तसं लिही."

आता आली पंचाईत. मी नवा धागा उघडला आणि लिहायला लागलो. काका सांगत होते, "रामराम. मी जिता आहे. तब्येत बरी आहे. चुकी माझी झाली, नियम मोडला, ॲडमिनसाहेबावर कुणी रागावू नये."

मध्येच थांबले. चष्मा पुढं करून पडदा बघितला. "हा तर नवा धागा दिसतो. त्यांच्या प्रश्नाखाली लिही की."

माझी बोटं तशीच राहिली.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. "कुणी विचारलं न्हाई ना रे?"

"नाही, काका."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे. पाठव तरी. न सांगता गेलेल्या लोकांचा मला एवढा राग. मग मी बी तसाच गेलो तर कसं?"

मी पाठवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "थांब. खाली एक ओळ टाक. तुमी समदे बरे आहात का, कळवा."

मी ती ओळ टाकली. तीस वर्षं गावानं डॉक्टर म्हटलेला तो माणूस माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "एवढं चालतं ना रे, नियमात?"