अर्जिनिनवाले कदमसर

सकाळी ओट्यावर उभं राहून दात घासायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नाही. भिंतीपलीकडून कदमसरांचं डोकं वर येतं आणि तोफ सुटते, "लेबल वाचलंस का रे? अर्जिनिन हाय का त्याच्यात?"

सरांनी लातूरच्या क्लासेसमध्ये जन्मभर केमिस्ट्री शिकवली. निवृत्त झाले, पोरं सुटली, आम्ही सापडलो. अर्जिनिन म्हणजे अमिनो आम्ल, तोंडातले चांगले जंतू ते खातात आणि दात किडवणाऱ्या आम्लाची जिरवतात, हे आता आमच्या दूधवाल्यालासुद्धा पाठ झालंय. बरं, पेस्ट बदलून सुटका होईल म्हणाल, तर तेही नाही. खळखळून चूळ भरली की पुन्हा, "धुऊन टाकलंस का सगळं अर्जिनिन? नुसतं थुंक, गाढवा!" अहो, माझं वय पन्नास. घरात सून आलीय. तिच्यादेखत गाढव!

तरी मी गप्प होतो. पण परवा हद्द झाली. इस्लापूरहून माझे सासरे आले होते. ओट्यावर बसून निवांत मिश्री लावत होते. सर तरातरा आले, "तंबाखूनं दात घासून राहिलात? अक्कल गहाण ठेवली का?" म्हणाले आणि मिश्रीची डबी सरळ नालीत फेकली. सासऱ्याचा अपमान, तोही जावयाच्या दारात! सासरे चहासुद्धा न घेता एसटी स्टँडवर निघून गेले. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू डबी मीच फेकली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तसाच सरांच्या घरात घुसलो. "सर, लई झालं आता!"

सर पलंगाच्या कडेला बसून काकूंचे दात घासत होते. अर्धांगवायूनं काकूंची वाचा गेली, तेव्हापासून त्या बाहेर दिसल्याच नव्हत्या.

"गोळ्यांनी लाळ सुकली हिची," माझ्याकडं न बघताच सर म्हणाले. "दोन दाढा किडून गेल्या, मला पत्ताच न्हाई. कसला रे मी केमिस्ट्रीचा मास्तर! हिला ज्वारीची कडक भाकर लागती. पातळ भरवलं की रडती. आता हायेत तेवढे दात तरी…"

तेवढ्यात काकूंनी त्यांच्या बोटाला कचकन चावा घेतला. सर कळवळले.

"तुझ्या सासऱ्याला बोललो ना, खिडकीतून ऐकलं हिनं. बोलता येत न्हाई, मग चावती."

बोटावर दातांचे लालभडक वळ उठले होते. सरांनी बोट उजेडात धरलं, निरखून पाहिलं. मग काकूंकडं वळले. डोळे भरून आले होते.

"एकबी दात हलला न्हाई गं," ते म्हणाले. "परत चाव बरं."