मन्मथआप्पा आणि तिकडचे भाव

मन्मथआप्पांच्या दुकानात साबणाची वडी मागितली तर ती लगेच मिळत नाही. आप्पा वडी काढतात, हातात धरून ठेवतात, चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडं बघतात आणि म्हणतात, "तिकडं हीच वडी दीडशेला हाय."

गिऱ्हाईक शेतातून आलेलं असतं. त्याला आंघोळीची घाई असते. "तिकडं म्हंजी? माजलगावला?"

"जर्मनीत."

मग वडी मिळते.

तेलगावच्या चौकात आप्पांचं किराणा दुकान आहे आणि त्याला चिकटून माझं झेरॉक्सचं. मधली भिंत एका विटेची. त्यामुळं गेली तीन वर्षं जर्मनीचे बाजारभाव मला घरबसल्या ऐकू येतात. मलाच काय, अख्ख्या गावाला ते पाठ झालेत. परवा आठवडी बाजारात एक बाई नवऱ्याला भर गर्दीत सुनावत होती, "कटिंगला शंभर रुपये गेले म्हनून कावून रडायलात? जर्मनीत आसते तर अडीच हजार गेले आसते!" एवढ्या लांबून आलेला मुद्दा ऐकून नवऱ्यानं भाजीची पिशवी उचलली आणि वाट धरली.

आप्पांची एकुलती एक मुलगी, गंगा, तिकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. अंबाजोगाईला नर्सिंग केलं, पुण्यात राहून जर्मन शिकली आणि गेली. ती राहते त्या शहराचं नाव आप्पांना दोनदा सारखं म्हणता आलेलं नाही, म्हणून ते नुसतं 'तिकडं' म्हणतात. पण जर्मनी हा देश त्यांना एका कारणासाठी मनापासून पसंत आहे. "शंभरानं गुणायचं. दोन शून्यं लावली की झालं. अमेरिकेचं लई वंगाळ, तिथं कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतंय." युरोचे शंभरावरचे चार-दोन रुपये आप्पा मोठ्या मनानं सोडून देतात.

परगावी निघालेल्या माणसाचं सामान बांधणं आप्पांना नवीन नव्हतं. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं त्यांच्याच दुकानातून भरून निघतात. घरात माणसं किती, लेकरं किती, एवढं विचारून आप्पा तिखट-मीठ, तेल, काडेपेट्या भराभर काढून देतात. गंगाची बॅगही त्यांनी त्याच पद्धतीनं भरली. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गल्ल्यावर बसवून ते मुंबईला विमानतळावर गेले, मी सोबत होतो. काट्यावर वजन जास्त भरलं. गंगानं बॅग उघडली, ज्वारीच्या पिठाची पिशवी उचलली, आप्पांच्या तोंडाकडं बघितलं, पिशवी परत ठेवली आणि दोन स्वेटर काढून माझ्या हातात दिले. बर्फाच्या देशात निघालेली पोरगी!

तिकडून रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन यायचा. तिकडं तेव्हा दुपार असायची आणि तिची सकाळची पाळी सुटायची. आप्पा फोन स्पीकरवर टाकायचे आणि भिंतीपलीकडं मी झेरॉक्स मशीन बंद करायचो.

"आप्पा, हितं भाडं दोन परकारचं आसतंय. एक थंड आन् एक गरम."

"थंड म्हंजी?"

"नुसत्या खोलीचं. गरम म्हंजी हीटर, पानी, कचरा समदं धरून."

आप्पांनी विचार केला. "तेलगावात उलटं पायजे गं. मे महिन्यात थंड खोली कोन देत आसंल तर डबल भाडं घ्या म्हनावं."

एकदा ती म्हणाली, घरात टीव्ही नसला तरी दर महिन्याला टीव्ही-रेडिओचे अठरा युरो भरावेच लागतात. आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "गंगा, मी काय म्हनतो, पैशे जायलेतच तर एक टीव्ही घेऊनच टाक." पाण्याची रिकामी बाटली दुकानात परत नेली की पंचवीस सेंट मिळतात, हे मात्र त्यांना फार पटलं. "सोड्याच्या बाटल्यांचं आपल्याकडं पयल्यापासून हाय. तेंनी आपलंच बघून घेतलं."

पण खरा दणका बसला तो रविवारचा. रविवारी तिकडं सगळी दुकानं बंद असतात हे कळलं तेव्हा आप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी दुकान बंद ठेवलं ते स्वतःच्या लग्नाला आणि गंगाच्या जन्माला, तेही अर्धा दिवस.

"मंग रविवारी मीठ संपलं तर लोकं काय करत्यात?"

"मागत आसतील शेजाऱ्याला."

"तुझा शेजारी कोन हाय?"

"खालच्या मजल्यावर एक आजी हाय. वळख न्हाई."

"मंग तिच्याकडं मीठ माग."

"आप्पा, माझ्याकडं मीठ हाय."

"आसू दे की. तरी माग."

गंगानं तीन रविवार टाळलं. आप्पा दर रविवारी विचारायचे, "मागितलं का?" काकू आतून ओरडायच्या, "आवो, तिकडच्या लोकांनी पोरगी भिकेला लागली म्हनावं का?" चौथ्या रविवारी गंगा खाली गेली. आजीनं दार साखळीएवढं उघडलं, वाटी घेतली, मीठ घालून दिली, दार लावलं. संपलं. पण आप्पांच्या घरात वाढलेली पोरगी, तिला रिकामी वाटी परत देणं कसं जमेल? दुसऱ्या दिवशी वाटीतून शेंगदाण्याची चटणी गेली.

"मंग?" आप्पा फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"एक घास खाल्ला आन् तीन ग्लास पानी पेली."

"मंग?"

"मंग म्हनली, उद्या आनखी आन."

त्यानंतर आप्पा सांगायचे ते भाव उतरायला लागले. आजी गंगाला घेऊन हिंडायला लागली. दुकान बंद व्हायच्या आधी कोणत्या फळीवर लाल चिठ्ठी लावून माल अर्ध्या किमतीत काढतात, वापरलेल्या सामानाचं दुकान कुठं आहे, हे सगळं तिनं दाखवलं. दहा युरोला जाडजूड कोट मिळाला. आप्पांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हातारी दुकानदाराच्या घरातली दिसती."

ही बातमी पसरली, तशी परदेशी निघालेली माणसं आप्पांकडं यायला लागली. केजहून, माजलगावहून, एकदा पार शिरूर कासारहून. आप्पा त्यांना पोत्यांवर बसवून मुलाखत घ्यायचे. "कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "दार आपल्यामागं बंद झालं आन् किल्ली आत ऱ्हायली, तर कुलूपवाला काय घेतो?" समोरचा गोंधळायचा. "दोनशे युरो. वीस हज्जार! किल्ली गळ्यात बांधायची. आंघोळीलाबी काढायची न्हाई."

धारूरचं एक जोडपं आलं, वर्षा आणि संतोष. वर्षा नर्स. गंगाच्याच दवाखान्यात जागा निघाली होती, गंगानंच कळवलं होतं. आप्पांनी संतोषच्या दाट केसांकडं बघितलं. "हे तिकडं परवडायचं न्हाई." लगेच समोरच्या दत्ता न्हाव्याला हाक मारली, वर्षाच्या हातात कात्री देवविली आणि शिकायला डोकं म्हणून स्वतःचं पुढं केलं. संतोष म्हणाला, "आप्पा, माझं घ्या की." आप्पा म्हणाले, "तुला विमानात बसायचंय. मला हितंच बसायचंय."

चार रविवार वर्षा धारूरहून येऊन आप्पांचे केस कापत होती. एका बाजूला टकलासारखं, दुसऱ्या बाजूला झुडूप. महिनाभर आप्पांनी टोपी काढली नाही. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. आप्पा म्हणायचे, "हास. तिकडं एका डोक्यामागं अडीच हजार वाचायलेत."

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. माझी मशीनं बंद, म्हणून मी आप्पांच्या दुकानात जाऊन बसलो. बरेच दिवस डोक्यात होतं ते विचारलं. "आप्पा, तुमी गंगाला कांद्याचा भाव सोमवारी इचारला, बुधवारी इचारला, काल परत इचारला. तिकडं काय रोज लिलाव आसतो का?"

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाले, "बाळू, पयल्या हिवाळ्यात ती रोज फोन करायची. कशी हायेस? बरी. जेवलीस का? जेवले. काय खाल्लं? वरण-भात. दोन महिने हेच. तुझी काकू खूश. एक दिवशी मी सहज इचारलं, दुधाचा भाव काय हाय गं? तर गप. मंग म्हनली, बघून सांगते."

पुठ्ठा थांबला.

"ती या गल्ल्यावर बसून मोठी झालेली हाय. ती आठवीत आसतानाचा साखरेचा भाव आजबी इचार, सांगंल. तिला दुधाचा भाव ठाव न्हाई म्हंजी ती दुकानातच गेली न्हाई. घरात दूध न्हाई, चा न्हाई. कशाचा वरण-भात!"

"मंग खोदून इचारलं न्हाई?"

"खोदून इचारलं आसतं तर रडली आसती. आन् हितून मी काय केलं आसतं? म्हनलं, उद्या बघून सांग. दुसऱ्या दिशी सांगितला. म्हनलं, आता कांद्याचा सांग. तिसऱ्या दिशी बटाट्याचा. चाळीस वर्षं बघायलोय बाळू, भाव बघाया आलेलं मानूस सहसा रिकाम्या हातानं जात न्हाई. काहीतरी घेतंच. घेतलं की शिजवावं लागतंय."

नंतर गंगानंच सांगितलं म्हणे. त्या दिवसांत ती दवाखान्यातला पाव खाऊन दिवस काढायची. खोलीवर आली की दिवा न लावता झोपून राहायची. चार वाजता अंधार पडायचा. दुकानाच्या दारापर्यंत गेलं की पाट्या वाचता येत असूनही रडू यायचं आणि ती तशीच परत फिरायची.

वीज आली, पंखा फिरला, तरी आप्पा पुठ्ठ्यानं वारा घेतच होते.

वर्षा आणि संतोष गेले ते दिवाळी झाल्यावर. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. ते पोचायचे त्या शनिवारी सहा वाजले, फोन आला नाही. सव्वासहा झाले. आप्पांनी फोन पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला. एका गिऱ्हाइकाला साबण दिला आणि नुसता दिला. गिऱ्हाईकच थोडा वेळ उभं राहिलं, काही राहून गेल्यासारखं. मीही दुकान सोडून आप्पांकडं येऊन बसलो.

साडेसहाला फोन वाजला. मागं नुसता गलबला. भांडी वाजत होती, संतोष कशाला तरी मोठ्यानं हसत होता, एका म्हातारीचा चढा जर्मन आवाज येत होता.

"आप्पा, आज जास्त बोलत न्हाई. घरात मान्सं हायेत."

"बरं बरं. ठिव. पाव्हण्यांकडं बघ."

आणि आप्पांनी आपणहून फोन ठेवला. असं आजवर कधी झालं नव्हतं. त्यांनी आत हाक मारली, "आगं, गंगाच्या घरी मान्सं आलीत!"

काकू हातात परात घेऊनच बाहेर आल्या. "किती?"

"तिला धरून चौघं. म्हातारी हाय, हे दोघं हायेत."

"एका खोलीत?" काकू पोत्यावर टेकल्या. "म्हातारीला पलंगावर बसवलं आसंल."

"पलंगावर कशी बसंल? जेवायचं हाय. खुर्ची हाय की एक."

"मंग संतोष कुठं बसंल?"

"खाली. खिडकीजवळ. तिथं हीटर हाय."

"आन् गंगा?"

आप्पांनी डोळे मिटले, टोपी मागं सरकवली आणि ती न पाहिलेली खोली डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"ती कशाला बसंल?" ते म्हणाले. "ती वाढायली आसंल."

काकूंनी मान हलवली. ते त्यांना पटलं होतं.