पेठेकाका ससाण्यासमोर

माणसाने आयुष्यात एकदा तरी अनंत काळासमोर स्तब्ध उभं राहावं, असं आमचे पेठेकाका म्हणतात. स्वतः काका लिफ्टमध्येही येरझाऱ्या घालतात.

जर्मनीत, गेर्लिंगेनमध्ये ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचं काम बघतात. हा नियतीचा विनोद त्यांना अजून कळलेला नाही. आमच्याकडे चहाला आले तरी जॅकेट काढत नाहीत. कप खाली ठेवता ठेवताच जर्मन 'तर मग' लावून म्हणतात, "आल्झो, निघू या." कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसतं. रविवारी इथली सगळी दुकानं बंद. तरी काका पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि रिकामी पिशवी नीट घडी करून परत आणतात.

शैलाकाकू साताऱ्याला शाळेत शिकवतात आणि मेच्या सुट्टीत इकडे येतात. तेवढे दिवस काका खुर्चीला पाठ टेकून बसलेले मी पाहिले आहेत. यंदा काकू मुख्याध्यापिका झाल्या, आणि मुख्याध्यापिकेला मे महिना नसतो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका फोनवर काकूंना म्हणाले. "शाळा आधी. मला काय होतंय?"

काय होतंय ते मला छतातून ऐकू येत होतं. ईस्टरची जोडून आलेली सुट्टी साताऱ्याला पुरत नव्हती, इजिप्तला पुरत होती. काकांनी सहल ठरवली आणि सोबत मलाही ओढलं.

लक्सरचं देऊळ त्यांनी जवळपास पळतच उरकलं. एडफूला ससाण्याच्या तोंडाच्या देवाचं, होरसचं मंदिर आहे. तिथेही काका टांगा पुरता थांबायच्या आत उतरले. दारातच डोक्यावर मुकुट घातलेला काळ्या दगडाचा ससाणा उभा. काकांनी बूट काढले, तापलेल्या फरशीवर पाय आलटूनपालटून उचलत हात जोडले आणि जर्मन बोलणाऱ्या गाईडला विचारलं, "ह्याची बायको कुठे?"

"हाथोर. ती दूर, तिच्या स्वतःच्या देवळात. वर्षातून एकदा होडीने इथे यायची. उत्सव झाला की परत."

"म्हणजे नोकरीच्या गावी राहायची," काका मला म्हणाले. मग गाईडला, "आणि बाकीचं वर्ष हा काय करायचा?"

"काही नाही. उभा असायचा."

"एखाद्या वर्षी ती आलीच नाही तर?"

गाईडने भिंतींकडे पाहिलं. "असं कुठे कोरलेलं नाही."

आमचा गट आत गेला, फिरून बाहेर आला. काका तिथेच, अनवाणी. पाय हलत नव्हते.

"काका, टांगेवाला खोळंबलाय."

"थांब रे जरा."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. त्यांनी पाकिटातून एक सुपारी काढली. पूजेला बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. गणपतीत काकांच्या घरी काकूंच्या जागी बसते ती हीच. काकांनी ती ससाण्याच्या पायाशी ठेवली आणि जरा आत सरकवली, उन्हातून सावलीत.

"एकटा बरा दिसत नाही," ते म्हणाले.

मंदिराचा रखवालदार आला. त्याने सुपारी उचलून हुंगली आणि काकांच्या हातात परत दिली. आत बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत.